देशभरातल्या घरांच्या किमती: विभागवार मध्यकांची सरासरी काढली तर आकडा का जुळत नाही?

रकानेबहाद्दर (मूळ प्रश्न)

देशात विभागाविभागांत आणि कुटुंबाकुटुंबांत घरांच्या किमतीचा फरक किती आहे, ते एका टिपणात मांडायचं आहे. हाताशी तीन फायली आहेत.

१. कुटुंबांच्या पाहणीची फाईल. प्रत्येक ओळ म्हणजे एक कुटुंब. त्यात विभागाचा कोड, घर स्वतःचं की भाड्याचं, ‘आज विकलं तर किती येतील’ याचं मालकानं दिलेलं उत्तर, कर्जाची बाकी आणि भार (ती ओळ देशातल्या किती कुटुंबांच्या वतीनं मोजायची तो आकडा).
२. नोंदणी झालेल्या विक्रीव्यवहारांची विभागवार, महिनावार मध्यक (चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी) किंमत आणि व्यवहारांची संख्या. मूळ व्यवहारांची यादीही मिळू शकते.
३. विभागवार किंमत निर्देशांक, पायाभूत वर्ष = १००.

विभागवार मध्यकांची सरासरी काढून देशाचा आकडा काढला तर ४१ येतो. पाहणीच्या फाईलवरून थेट काढला तर ३३. (एकक काहीही समजा, चलनाला इथे महत्त्व नाही.) निर्देशांकात सगळ्यात महाग समजला जाणारा विभाग १६८ वर आहे आणि एक अगदी स्वस्त विभाग १७१ वर. हे कसं? शिवाय भाडेकरू कुटुंबं मोजायची की वगळायची? आणि फरकातला किती भाग ‘जागेमुळे’ आणि किती ‘घरामुळे’, हे वेगळं काढता येतं का?

मधलीओळ

निर्देशांकाचं आधी संपवू, कारण त्यात गोंधळ नाहीच. निर्देशांक विभागाची तुलना त्याच्याच भूतकाळाशी करतो, शेजाऱ्याशी नाही. पायाभूत वर्षी स्वस्त विभागात घर २० ला आणि महागड्यात ९० ला असेल, तर आज ते अनुक्रमे ३४.२ आणि १५१.२ ला आहे. १७१ आणि १६८ हे आकडे बरोबर आहेत, फक्त ते नकाशावर रंगवायचे नाहीत. पातळी हवी असेल तर एका वर्षाची खरी किंमत घेऊन तिला निर्देशांकानं पुढे-मागे न्यायचं. ‘कुठे महाग’ हे निर्देशांकाला विचारूच नका.

आता ४१ आणि ३३. मध्यकांची सरासरी हा मध्यक नसतो. भार लावूनही नसतो. लहान उदाहरण बघा:

विभाग क: १०, २०, ९०. मध्यक २०.
विभाग ख: ४०, ५०, ६०, ७०, ८०. मध्यक ६०.

साधी सरासरी ४०. घरांच्या संख्येचा भार लावून ४५. आठही घरं एका रांगेत लावली तर मध्यक ५५. तीन आकडे, आणि देशाचा मध्यक म्हणावा असा फक्त शेवटचा. तुमच्या बाबतीत आकडा उलट दिशेनं चुकला आहे. बहुधा लहान पण महागडे विभाग मोठ्या विभागांच्या बरोबरीनं मोजले गेले आहेत.

मूळ ओळी हातात असतील तर प्रश्नच नाही: किमतीप्रमाणे चढत्या क्रमानं लावा, भारांची चढती बेरीज करा, एकूण भाराचा निम्मा जिथे ओलांडला जातो ती किंमत घ्या. मूळ ओळी नसतील तर विभागांकडून मध्यक मागू नका, वर्गवार संख्या मागा. संख्यांची बेरीज करता येते. मग शाळेतलं सूत्र: मध्यक वर्गाची खालची सीमा + ((निम्मी संख्या − आधीची संचित वारंवारता) ÷ त्या वर्गाची वारंवारता) × वर्गाची रुंदी.

सगळे विभाग मिळून असं जमलं असेल:
० ते २०: १८०
२० ते ४०: २९०
४० ते ६०: २४०
६० ते १००: १९०
१०० व वर: १००

एकूण १०००, निम्मे ५००. चाळीसपर्यंत ४७० झाले, म्हणजे पुढच्या वर्गात अजून ३० हवेत. ४० + (३० ÷ २४०) × २० = ४२.५.

आता याच तक्त्यावरून सरासरी काढून बघा. शेवटचा वर्ग उघडा आहे. त्याचा मध्य १५० धरला तर सरासरी ५२.७ येते, २५० धरला तर ६२.७. एका माणसाच्या अंदाजावर देशाची सरासरी १० एककांनी हलते आणि मध्यक जागचा हलत नाही. खुल्या फायलींत वरच्या टोकाच्या किमती गोपनीयतेसाठी झाकलेल्या असतात, तिथेही हेच होतं. म्हणून सरासरी छापायचीच असेल तर वरच्या टोकाचं काय केलं ते शेजारी लिहा.

एक बारीक खोच, जी फार जण विसरतात. मालक गोल आकडे सांगतात. ५० वर आणि १०० वर ढीग पडतो, ४७ वर कोणी नसतं. तुमचे वर्ग ५०–६० असे असतील तर ५० चा सगळा ढीग वर्गाच्या अगदी खालच्या काठावर बसतो, पण सूत्र तो वर्गभर सारखा पसरलेला धरतं. मग मध्यक या वर्गात आला की उगाच वर सरकतो. वर्ग ४५–५५, ५५–६५ असे पाडले की ढीग मधोमध येतो. उलट मूळ ओळींवरून मध्यक काढला तर तो चार वर्षं ५० वरच चिकटून राहील आणि पाचव्या वर्षी टुणकन ६० वर जाईल. त्या वर्षी बाजारात काहीही घडलेलं नसेल.

अमेरिकेच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या पाहणीत घराच्या किमतीसाठी २००७ पर्यंत वर्गांच्या चौकटींवर खूण करायची होती, २००८ पासून आकडा लिहायचा आहे. अशी पद्धत बदलते त्या सीमेवरून कालरेषा ओढताना जपून.

तळमजला

वरचं सगळं मान्य, पण फाईल १ आणि फाईल २ एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत हे राहिलं. पाहणीत उभी असलेली सगळी घरं आहेत. नोंदणीत त्या महिन्यात हात बदललेली तेवढीच. एखाद्या विभागात नव्या छोट्या सदनिकांचा मोठा प्रकल्प ताब्यात दिला गेला की विक्रीचा मध्यक खाली येतो. एकाही घराची किंमत उतरलेली नसते. मंदीत उलटं: घाई नसलेले मालक विकायचं थांबवतात आणि कुठल्या थरातली घरं बाजारातून गायब होतात त्यावर आकडा वर-खाली होतो.

व्यवहारांची यादी मिळते म्हणता, तर विभागाचा थेट मध्यक सोडा आणि थर पाडा:

प्रकार (स्वतंत्र घर, जोडघर, सदनिका) × क्षेत्रफळाचे तीन गट × विभागातले दोन-तीन उपविभाग. प्रत्येक खणात मध्यक काढा. मग पाहणीच्या फाईलमधून त्या खणात किती घरं उभी आहेत ते घ्या आणि तो भार वर्षभर कायम ठेवा. खणात तीसेक व्यवहार नसतील तर तिमाही एकत्र करा, तरीही नसतील तर शेजारचा उपविभाग जोडा. क्षेत्रफळाचे गट मात्र शेवटपर्यंत जोडू नका, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. असा भार लावलेला आकडा काटेकोरपणे मध्यक नव्हे हे वर आलंच आहे, पण काळाबरोबरचा बदल आणि विभागांची तुलना यासाठी तो चालतो.

त्याच घराची दुसरी विक्री पहिलीशी ताडायची, ही दुसरी रीत. बेली, मुथ आणि नूर्स यांनी ती १९६३ मध्ये मांडली, पुढे केस आणि शिलर यांनी १९८० च्या दशकात सुधारली: दोन विक्रींमधलं अंतर जितकं जास्त तितका त्या जोडीचा भार कमी. घर तेच असल्यानं मिश्रणाचा प्रश्न मिटतो, पण मधल्या काळात मजला चढवला असेल तर तो दरवाढ म्हणून मोजला जातो. आणि एकदाही न विकलेलं घर यात येतच नाही. तुमचा प्रश्न पातळीचा आहे, बदलाचा नाही, म्हणून ही रीत तुमच्या कामाची नाही.

जागा की घर, यासाठी रिग्रेशन (एकाच समीकरणातून प्रत्येक घटकाचा किमतीवरचा परिणाम वेगळा काढायची रीत) लागेल. किमतीचा लॉग (लॉगरिथम) डावीकडे. उजवीकडे क्षेत्रफळाचा लॉग, बांधकामाचं वय, प्रकार, खोल्या आणि प्रत्येक विभागासाठी ०/१ चा रकाना. विभागाचा गुणक म्हणजे ‘तसंच घर उचलून तिकडे ठेवलं तर’ होणारा फरक. दोन चुका नेहमीच्या:

गुणक ०.४० आला म्हणजे ४० टक्के महाग नव्हे. लॉग उलटा केला की ४९ टक्के होतो. लहान गुणकाला चालून जातं, मोठ्याला नाही.

दुसरी, विभाग आणि घराचे गुण एकमेकांत गुंतलेले असतात. महाग विभागांत लोक लहान घरांत भागवतात. त्यामुळे नुसते मध्यक शेजारी ठेवले तर दोन विभागांतला खरा फरक *कमी* दिसतो. क्षेत्रफळ धरल्यावर दरी रुंदावली तर दचकू नका. आधी फक्त विभाग टाकून किती फरक समजतो ते बघा, मग फक्त घराचे गुण, मग दोन्ही. स्वतंत्र आकड्यांची बेरीज एकत्र आकड्याशी जुळणार नाही. ती तफावत सामाईक आहे असं सरळ लिहा, कोणा एकाच्या खात्यावर टाकू नका.

जागेचा वाटा एवढा का असतो? वीट, सिमेंट, मजुरी यांचा खर्च विभागागणिक थोडाफार बदलतो. जमिनीचा कित्येक पट. दोन विभाग घ्या, बांधकाम दोन्हीकडे ३०. जमीन एकीकडे १०, दुसरीकडे ९०. जमीन दोन्हीकडे ५० टक्क्यांनी वाढली. पहिलं घर ४० वरून ४५ वर, म्हणजे साडेबारा टक्के. दुसरं १२० वरून १६५ वर, साडेसदतीस टक्के. जमिनीचा भाव सारखाच वाढला तरी घरांच्या किमतींतली दरी फाकते. क्नोल, शुलारिक आणि स्टेगर यांनी १४ प्रगत देशांच्या १८७० ते २०१२ च्या आकड्यांवर २०१७ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्यात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरांच्या दरवाढीतला साधारण ८० टक्के वाटा जमिनीचा निघाला.

आणि हो, सरासरी कुठल्या जातीची आहे ते तपासा. ब्रिटनचा अधिकृत घर-किंमत निर्देशांक जून २०१६ मध्ये नव्या रीतीनं आला, तेव्हा अंकगणिती सरासरीच्या जागी भूमितीय सरासरी (किमतींची बेरीज न करता गुणाकार करून त्याचं मूळ काढलेली) आली आणि ‘सरासरी घराची किंमत’ कागदावर बरीच खाली उतरली. भूमितीय सरासरी वरच्या टोकाला कमी भाव देते, ती मध्यकाच्या जवळ राहते. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना एकाचा मध्यक आणि दुसऱ्याची अंकगणिती सरासरी, असं अगदी सर्रास चालतं.

उंबरठा

भाडेकरूंबद्दल कोणीच बोललं नाही, आणि कुटुंबाकुटुंबांतला फरक तर तिथूनच सुरू होतो.

‘मध्यक घरकिंमत’ म्हणताना छेदात कोण आहे ते ठरवा. मालक कुटुंबं धरली तर एक आकडा. सगळी कुटुंबं धरली, भाडेकरूंना शून्य दिलं, तर दुसरा. मालकांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं की दुसऱ्या रीतीनं देशाचा मध्यक चक्क शून्य येतो, मग घरं कितीही महाग असोत.

ही नुसती गंमत नव्हे. युरोपियन सेंट्रल बँकेनं एप्रिल २०१३ मध्ये युरोक्षेत्रातल्या कुटुंबांच्या संपत्तीचे पाहणी-आकडे जाहीर केले तेव्हा जर्मनीच्या मध्यक कुटुंबाची निव्वळ संपत्ती ५१,४०० युरो निघाली, स्पेनची १,८२,७००, सायप्रसची २,६६,९००. जर्मन गरीब कसे, म्हणून बराच गदारोळ झाला. जर्मनीत स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबं त्या पाहणीत ४४ टक्केच होती, म्हणजे घरकिमतीच्या रांगेतलं मधलं कुटुंब भाडेकरू होतं. शिवाय स्पेनची पाहणी २००८–०९ ची, तिथल्या किमती पुढे गडगडल्या, तर जर्मनीची २०१०–११ ची. कुटुंबाचा आकारही वेगळा. भूमध्य समुद्राकाठी एका छताखाली जास्त माणसं राहतात, त्यांची संपत्ती एका ओळीत जमा होते.

तेव्हा तीन तक्ते वेगळे करा: मालकीचं प्रमाण, फक्त मालकांच्या घरांची किंमत, आणि सगळ्या कुटुंबांची घरातली निव्वळ मालमत्ता. एकात कोंबू नका.

निव्वळ म्हणजे किंमत वजा कर्जाची बाकी, आणि ती वजाबाकी *ओळीओळीनं* करायची. मध्यक किमतीतून मध्यक कर्ज वजा केलं की जो आकडा येतो तो कोणाचाच नसतो, कारण मधली किंमत एका घराची आणि मधलं कर्ज दुसऱ्याचं. तीन कुटुंबं बघा, तिघांचंही घर १०० चं, बाकी ०, ६० आणि ९५. भाव १० टक्के उतरले. पहिल्याचे १०० चे ९० झाले, दुसऱ्याचे ४० चे ३० म्हणजे चौथाई गेली, तिसरा ५ वरून उणे ५ वर, आता घर विकूनही कर्ज फिटत नाही. तिन्ही घरांची किंमत शेवटपर्यंत सारखीच आहे. किमतीच्या तक्त्यात या कुटुंबांतला फरक दिसणारच नाही.

भार कुठला लावता तेही बघा. अनेक फायलींत कुटुंबाचा एक भार असतो आणि माणसाचा एक. घराची किंमत कुटुंबाच्या ओळीची आहे, तिला माणसाचा भार लावला की मोठी कुटुंबं जड होतात. ‘माणसं कसल्या किमतीच्या घरांत राहतात’ हा प्रश्न असेल तर तो चालेल, पण मग तसं लिहा. आणि रिकामी घरं, दुसरी घरं कुटुंबांच्या फाईलमध्ये राहत्या घराच्या रकान्यात नसतात, म्हणून घरांची संख्या आणि कुटुंबांची संख्या जुळत नाही म्हणून शोधत बसू नका.

मालक जी किंमत सांगतो तिच्याबद्दल: अमेरिकेत मालकांचे अंदाज विक्रीच्या किमतींशी ताडले तेव्हा ते सरासरी ५ ते ६ टक्के जास्त निघाले.  मध्यकाला एवढी चूक सोसते. पण वर-खाली दोन्हीकडे चुकणाऱ्या अंदाजांमुळे *पसारा* खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, आणि तुम्ही नेमका पसाराच मोजायला निघाला आहात. म्हणून विषमतेचे आकडे विक्रीच्या यादीतून काढलेल्या पसाऱ्याशी एकदा ताडा.

लहान विभागाचा मध्यक छापण्याआधी त्याची प्रमाण चूक (नमुन्यात दुसरी कुटुंबं आली असती तर आकडा साधारण किती हलला असता ते) काढा. ‘मधलीओळ’ यांनी वर उल्लेखलेल्या अमेरिकी सर्व्हेच्या खुल्या फायलीत यासाठी ८० जादा भार दिलेले असतात. मुख्य भारानं एकदा आणि त्या ऐंशींनी ऐंशी वेळा मध्यक काढायचा, मुख्य आकड्यापासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज, तिला ४ नं गुणून ८० नं भागायचं आणि वर्गमूळ. तुमच्या फाईलची सूत्रं तिच्या माहितीपुस्तिकेत असतील, ४/८० सगळीकडे चालत नाही.

रकानेबहाद्दर

बरंच उलगडलं. सहा विभागांत पाहणीच्या ओळी फार कमी आहेत. तिथे मालमत्ता करासाठी ठरवलेलं मूल्य भरलं तर?

शेराबुक

भरण्याआधी ते मूल्य कुठल्या तारखेचं आणि कुठल्या नियमाचं आहे ते बघा. इंग्लंडचा कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) अजून एप्रिल १९९१ च्या किमतींवर पाडलेल्या पट्ट्यांवर चालतो, वेल्सचा २००३ च्या. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ (मतदारांनी मंजूर केलेली करमर्यादा) नंतर करमूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के चढतं आणि घर विकलं गेलं की एकदम बाजारभावावर येतं. तिथे भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन सारख्या घरांचं करमूल्य कित्येक पटींनी वेगळं असू शकतं. असा रकाना घराची किंमत सांगत नाही, मालक किती वर्षं तिथे आहे ते सांगतो.

तपासणी अर्ध्या दिवसाची आहे. त्या विभागातली गेल्या वर्षी विकलेली घरं घ्या. प्रत्येकाचं गुणोत्तर: करमूल्य ÷ विक्री किंमत. समजा पाच आली: ०.६, ०.८, ०.९, १.०, १.२. मध्यक ०.९. त्यापासूनची अंतरं ०.३, ०.१, ०, ०.१, ०.३, सरासरी ०.१६. भागिले ०.९, म्हणजे १७.८ टक्के. करमूल्य ठरवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असेसिंग ऑफिसर्स, निवासी घरांसाठी हा आकडा ५ ते १५ मध्ये असावा म्हणते. १५ च्या वर गेला तर भरू नका. ५ च्या खाली आला तर आनंद नको, विकलेल्या घरांचं मूल्य विक्रीनंतर बदलून घेतल्याचा संशय घ्या. (पाच घरं फक्त रीत दाखवायला. प्रत्यक्षात तीसच्या खाली जाऊ नका.)

मग दुसरी चाळणी: गुणोत्तरांची साधी सरासरी ÷ (एकूण करमूल्य ÷ एकूण विक्री किंमत). ०.९८ ते १.०३ ठीक. त्याहून वर म्हणजे महाग घरांना करमूल्य तुलनेनं कमी लावलंय. तसा रकाना भरलात तर त्या सहा विभागांतली श्रीमंत-गरीब घरांची दरी आपोआप आवळलेली दिसेल.

दोन्ही चाळण्यांतून उतरलं तर करमूल्याला मध्यक गुणोत्तरानं भागा, ०.९ असेल तर ०.९ नं, आणि मगच वापरा. भरलेल्या ओळींना खुणेचा वेगळा रकाना ठेवा.

तळमजला

या सहा विभागांना नकाशात वेगळी रेघारेघांची छटा द्या. आणि नकाशाचे वर्ग समान रुंदीचे नकोत; लॉगवर किंवा पंचमांशांवर पाडा, नाहीतर दोन महागडी शहरं गडद आणि उरलेला देश एकाच फिक्या रंगात येईल.